हातचा एक

महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर
मला नेमलं ते बोटांशिवाय कळा दाबायला.

कंटेनरच्या नोंदीची ती जुनी खिडकी,
करड्या रंगाची. बनवणारी कंपनी कधीच बुडाली,
आणि जाताना मागचं दार ठेवायला विसरली.
आत जायचं तर माणसासारखंच जायचं:
टॅब, टॅब, चार अक्षरं, सात आकडे, एंटर.
खिडकीला एवढंच पटवायचं
की समोर कुणीतरी बसलंय.

म्हणून आठवडाभर मी कुंदा मढवींच्या शेजारी बसलो.
ऐरोलीजवळच्या दिवा गावच्या. बावीस वर्षं हेच काम.
खुर्चीत घरून आणलेली उशी,
कीबोर्डवरचा ‘ए’ पुसून गेलेला, ‘एन’ अर्धा.
माझा प्रोग्राम सगळं टिपत होता:
कळ खाली कधी गेली, वर कधी आली,
शून्यापाशी करंगळी किती अडली.
‘‘माजा हात मोजतंस का रं?’’ त्या म्हणाल्या,
आणि सुकटीची चटणी पुढे सरकवली.
मी हो म्हणालो. दोन्हीला.

एकच गोष्ट कळेना.
पान संपलं की, एंटरच्या आधी,
माऊस बेरजेच्या चौकटीपाशी जायचा
आणि तिच्याभोवती एक गोल काढायचा.
क्लिक नाही, काही नाही. नुसता गोल,
दृष्ट काढावी तसा.
विचारलं तर म्हणाल्या, ‘‘हातचा ऱ्हातो कवा कवा. बघून घ्यावा.’’
बेरीज कॉम्प्युटर करतो, मी म्हणालो.
‘‘करतो. पन त्याला हात कुठं हाय, हातचा धरायला?’’

मी हसलो, आणि गोल काढून टाकला.
पानामागे सव्वा सेकंद वाचला.
वरच्यांना तक्ता दाखवला. त्यात त्यांचं नाव नव्हतं,
‘मॅन्युअल’ नावाचा रकाना होता, लाल.

एकतीस मार्चला त्या उशी घेऊन गेल्या.

एप्रिलमध्ये न्हावा-शेव्याहून फोन:
बेरीज चुकतेय. रोज नाही, मधूनच.
एक कंटेनर कमी.
मी वेग कमी केला. मुद्दाम अडखळायला शिकवलं.
एका पहाटे, पारसिकच्या डोंगरावर उजाडताना, सापडलं:
पान गच्च भरलं, पंधरावी ओळ आली,
की ती खिडकी थांबून राहायची.
चौकटीवरून माऊस गेला, तरच शेवटचा आकडा मिळवायची.
नाहीतर आधीचीच बेरीज पुढे.

हे त्यांना ठाऊक होतं? फोन लावला.
मागे मिक्सर चालू होता, बंद झाला.
‘‘मना काय ठावं? सवय.’’
मग थोड्या वेळानं, ‘‘माज्या खुर्चीवं कोन बसतंय?’’
कुणी नाही, म्हणालो. खरंच होतं ते.
प्रोग्रामला खुर्ची लागत नाही.

गोल परत घातला.
गणितानं काढला असता तर दोन ओळींत झाला असता,
वाटोळा, नीट.
मी त्यांचाच घेतला, टिपलेला, एकशे सदतीस बिंदूंचा,
डावीकडे जिथे मनगट वळायचं
तिथे थोडा चेपलेला.

पहिल्याच रात्री काम मध्येच बंद पडलं.
कंटेनरचा नंबर वजनाच्या रकान्यात,
आणि नोंदवहीत एवढंच: अनपेक्षित इनपुट.
खाली वॉचमनला विचारलं, वर कुणी आलं होतं का.
सोनकांबळे आधी गप्प राहिला.
मग म्हणाला, मीच साहेब. मीच धरला तो माऊस.
अंधारात एकटाच फिरत होता.
वाटलं,
मढवीबाईंचं काहीतरी राहिलंय.